चोपडीवालीनं पाहिलेलं कागदाचं गाव: ओगावामाची

इतवारीत आमचं बाइंडिंगचं दुकान आहे, सासऱ्यांच्या हातचं. दिवाळीआधीचे दोन महिने आमच्याकडे दुसरं कामच नसतं. लाल कापडाच्या चोपड्या, जुजबंदीची शिलाई, खळीत मोरचूद, आणि रात्री अकरापर्यंत पुठ्ठे दाबात. लक्ष्मीपूजन झालं की हात मोकळे. गेल्या नोव्हेंबरात तसेच मोकळे हात घेऊन आम्ही दोघं मुलाकडे तोक्योला गेलो. नागपूरहून दिल्ली, तिथून तोक्यो. मुलगा राहतो निशी-कासाईला. तिथे खाली उतरलं की मराठी कानावर पडतं आणि तूरडाळही मिळते. चार दिवस देवळं, उंच इमारती, चौक पाहून झाले. मग मी म्हटलं, "बेटा, मला जिथे कागद बनतो तिथे घेऊन चल." त्यानं शोधून काढलं ते ओगावामाची. त्या एका दिवसाबद्दल हे लिहिते आहे, कारण आपल्याकडून जाणारे लोक या गावाच्या अलीकडेच गाडीतून उतरतात.

नाव ऐकून ह्यांनी लगेच विचारलं, "आपल्या कामठीच्या ड्रॅगन पॅलेसवाले ओगावा?" नागपूरकराला हे नाव परकं नाही. 1999 साली उभं राहिलेलं ते विहार नोरिको ओगावा यांच्या मदतीनं झालं, आणि बुद्धपौर्णिमेला आम्ही दर वर्षी कामठीला जातो. मुलगा म्हणाला, त्या आडनावाचा या गावाशी संबंध नाही. ओगावा म्हणजे लहान नदी, माची म्हणजे गाव. नदी खरंच आहे. त्सुकी तिचं नाव. गावाच्या मधून वाहते, पात्र रुंद नाही, आणि पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजता येतील. कागद इथे का आला याचं अर्धं उत्तर या पाण्यातच आहे.

जायचं सोपं आहे. इकेबुकुरोहून तोबु कंपनीची तोजो लाइन धरायची, सव्वा ते दीड तास लागतो. आम्ही मधे एकदा गाडी बदलली. वाटेत कावागोए लागतं. जुन्या गोदामांच्या रस्त्यासाठी ते प्रसिद्ध आहे, त्यामुळे कॅमेरेवाली सगळी गर्दी तिथेच उतरली. पुढे डब्यात शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन म्हाताऱ्या आणि आम्ही. खिडकीतून आधी घरं विरळ झाली, मग शेतं लागली, मग चारी बाजूंनी ठेंगण्या डोंगरांची रांग आली. डोंगरांच्या कुशीतलं जुनं बाजारपेठेचं गाव म्हणून याला मुसाशी प्रांतातलं, म्हणजे तोक्योभोवतीच्या जुन्या मुलखातलं, छोटं क्योतो म्हणतात. क्योतोची देवळं मनात धरून जाल तर मात्र हिरमोड होईल. इथे बघायला आहे ते काम.

इथल्या कागदाला होसोकावा-शी म्हणतात. हे नाव मूळचं इथलं नाही. पूर्वीच्या की प्रांतात, कोया डोंगराच्या पायथ्याशी होसोकावा नावाचं गाव होतं, तिथला कागद एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, बाजारात चालायचा. तोच प्रकार जवळच्या या खोऱ्यात बनू लागला आणि नाव इथेच राहिलं. 2014 साली युनेस्कोनं जपानचे तीन हातकागद वारसा यादीत घेतले, त्यातला एक हा. पण मला युनेस्कोपेक्षा मोठी वाटली ती दुसरी गोष्ट. एदोचे व्यापारी आपल्या खातेवह्या या कागदाच्या करायचे. आग लागली की दुकानदार माल सोडून आधी वही विहिरीत टाकायचा आणि नंतर काढून वाळवायचा, असं सांगतात. मुलानं हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. तीस वर्षं मी खातेवह्या शिवते आहे. विहिरीतून काढल्यावर वाचता येईल अशी वही माझ्या हातून कधी झाली नाही, कारण तसा कागदच कधी हाती आला नाही.

कार्यशाळेत आधी नोंदणी केली होती. शिकवणारी बाई माझ्याच वयाची, कोपरापर्यंत हात लाल झालेले. लगदा फक्त कोझोचा, म्हणजे तुतीच्या जातीतल्या एका झुडपाच्या सालीचा. फांद्या हिवाळ्यात तोडायच्या, वाफवायच्या, साल सोलायची, वरचं काळं खरवडायचं, शिजवायचं. मग पाण्यात बसून एकेक काळा कण बोटांनी वेचायचा. हे वेचणं मी पाच मिनिटं केलं. तांदूळ निवडण्याची सवय असलेल्या बाईलाही ते सोपं नाही, कारण पाणी बर्फासारखं.

त्यानंतर तिनं एक बादली पुढे केली. आत पारदर्शक, तार धरणारं बुळबुळीत पाणी. मी बोट घातलं आणि म्हणाले, "ही तर भेंडी!" मुलानं फोनवर पाहिलं. तोरोरो-आओई नावाचं रोप, खरोखर भेंडीच्याच कुळातलं, त्याची मुळं ठेचून हा चिकट रस काढतात. पण रस चिकटवायला नसतो, ही खरी गंमत. त्यामुळे तंतू पाण्यात तळाशी न बसता एकसारखे तरंगत राहतात आणि पाणी जाळीतून सावकाश गळतं. आणखी एक काम तो करतो. ओले ताव एकावर एक थेट रचतात, मधे कापड नाही, काही नाही, आणि दाबून पाणी काढल्यावर ते एकेक करून अलगद सुटतात. मला हे डोळ्यांनी पाहूनही पटेना. बाईनं चिकटलेल्या गठ्ठ्यातून माझ्यासमोर तीन ताव सोलून काढले. उन्हाळ्यात हा रस लवकर पातळ होतो, म्हणून थंडीतला कागद चांगला.

लाकडी चौकटीत बांबूच्या काड्यांची जाळी. ती हौदात बुडवायची, पुढेमागे झुलवायची, उरलेलं पाणी एका झटक्यानं फेकायचं, पुन्हा बुडवायची. थरावर थर. ती करते तेव्हा सुपातून धान्य पाखडल्यासारखं दिसतं. माझा पहिला ताव एका कोपऱ्यात जाड झाला, दुसरा बरा. तिनं माझे मनगट धरून ताल दाखवला. भाषेची गरज पडली नाही. मी तिला माझ्या बोटांवरचे सुईचे घट्टे दाखवले, तिनं ते हातात धरून पाहिले आणि वाकून नमस्कार केला.

वाळवण फळ्यांवर, उन्हात. इथे एक जुना शब्द आहे, "पिक्कारी सेनऱ्यो": लख्ख ऊन पडलं की हजार मोहरा. त्यामुळे माझा सल्ला: जायचं तर कोरड्या, उन्हाच्या दिवशी जा. आमच्या दिवशी आकाश आपल्या कोजागिरीसारखं स्वच्छ होतं.

जेवणाबद्दल मोकळेपणानं लिहिते, कारण आपल्यातल्या अनेकांना तिथेच अडतं. गावाचं नाव ज्यानं झालं तो पदार्थ चुशिची-मेशी, फुताबा या जुन्या खानावळीचा. तलवारबाज यामाओका तेश्शू इथे यायचा, त्यानं जेवणात झेन, म्हणजे ध्यानमार्गी बौद्ध पंथाचं सार, दाखव म्हटलं आणि चुशिची नावाच्या मालकानं हे घडवलं, अशी कथा आहे. गरम भात, त्यात समुद्री शेवाळाची नोरी, वर कांद्याची पात, झणझणीत वासाबी आणि युझू या लिंबाच्या जातीतल्या फळाची साल, आणि शेवटी वरून कढत रस्सा ओतायचा. विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. गोळाभातावर कढत फोडणी ओतताना जो क्षण असतो तोच हा, फक्त तेलाच्या जागी पाणीदार, शांत चव. युझूचा वास आला आणि मला आंबिया बहाराची पहिली संत्री सोलल्याचं आठवलं. तेवढाच तीव्र, किंचित कडूसर. मला मनापासून आवडलं.

ह्यांची अडचण वेगळी. हे शाकाहारी, आणि रस्सा वाळवलेल्या माशाचा. जपानात बहुतेक रश्श्यांत तो असतोच, अगदी भाजीच्याही. जाताना जपानीत चिठ्ठी लिहून घ्या की माशाचा रस्सा चालत नाही. ह्यांनी कोरडा भात, तोफू आणि भाज्या खाल्ल्या, आणि भाज्यांबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती. शिमोसातो भागात योशिनोरी कानेको यांनी 1971 पासून रसायनांशिवाय शेती सुरू केली. आजूबाजूचे शेतकरी हळूहळू त्या वाटेला लागले, बाहेरून तरुण शिकायला येऊन इथेच राहिले. उकडलेला मुळा नुसता मीठ लावून वाढला होता आणि गोड लागला. ह्यांचे वडील यवतमाळकडे कापूस लावायचे, त्यामुळे हे बराच वेळ त्या मुळ्याकडे आणि खिडकीबाहेरच्या शेताकडे पाहत राहिले.

नाराजीही सांगते. दुपारी परतताना चहाला म्हणून एका लहान दुकानात शिरलो, तर दारावर वेळ लिहिलेली असूनही आम्हाला हात हलवून परत पाठवलं. कारण कळलं नाही, वाईट वाटलं. पाट्या बहुतेक जपानीत. बस तासातासानं, एक चुकली की थंडीत उभं राहावं लागतं. लहान दुकानांत रोख पैसेच लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी डोंगरवाटेच्या भानगडीत पडू नये. नदीकाठ सपाट आहे, तो पुरेसा आहे. साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणारे जुने कारखाने गावात आहेत, आम्ही बाहेरूनच पाहिले. मार्चअखेर येणाऱ्यांना टेकडीवर काताकुरीची जांभळी फुलं दिसतात, ती आमच्या नशिबी नव्हती.

फक्त फोटोसाठी जाणाऱ्यांनी कावागोएलाच उतरावं. हाताचं काम करणाऱ्यांनी, शिवणाऱ्या, विणणाऱ्या, छापणाऱ्या कोणीही, तोक्योतला एक दिवस कमी करून इथे द्यावा.

पाच ताव विकत आणले. यंत्राचा कागद एका बाजूनं सरळ फाटतो. हा कुठूनही ओढा, केसासारखे तंतू सुटत राहतात आणि तुटायला तयार नसतो. दुकानात येऊन एका तावाची पट्टी कापली, तिथूनच आणलेल्या काळ्या शाईनं सासऱ्यांचं नाव लिहिलं, वाळू दिलं आणि रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं. सकाळी दोन बोटांनी उचलली. पट्टी अख्खी आली, अक्षरं जागच्या जागी. गच्चीवर कपड्यांच्या दोरीला चिमट्यानं लावली, आणि ऊन चढेपर्यंत आमचा कारागीर आणि मी तिच्याखालीच उभे होतो.