तोंड बघून मोगरी घ्या: जुन्या बाजारातल्या लाकडी मोगऱ्यांचं परीक्षण

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत मटन स्ट्रीटच्या आसपासचा चोरबाजार, तालुक्याच्या आठवडी बाजारातले भंगारवाले आणि हल्ली मोबाइलवरच्या जाहिराती. या सगळ्या ठिकाणी पितळी कुलपं आणि गंजलेले अडकित्ते यांच्या मधे एखादी लाकडी मोगरी, म्हणजे ठोकायचं किंवा बडवायचं लाकडी अवजार, हमखास पडलेली असते. विकणाऱ्याकडे तिची दोनच नावं असतात: स्वस्त असेल तर ‘सुताराची’ आणि महाग असेल तर ‘अँटिक’. खरं म्हणजे मोगरी कशासाठी वापरली जायची हे तिचा आकार अर्धवटच सांगतो. उरलेलं तिच्या तोंडावर, म्हणजे ठोकण्याच्या बाजूवर, लिहिलेलं असतं. म्हणून हे परीक्षण तोंडापासून सुरू होतं. वस्तू हातात घेतली की आधी तोंड उजेडाकडे तिरकं धरा. दांडा आणि नक्षी नंतर पाहा, आणि विकणाऱ्याची गोष्ट सगळ्यात शेवटी ऐका.

सुताराची मोगरी सर्वात जास्त दिसते. लोखंडी हातोड्याने पटाशीची, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीची, लाकडी मूठ फुटते, म्हणून सुतार पटाशीवर लाकूडच मारतो. त्यामुळे खऱ्या सुतारी मोगरीच्या तोंडावर मधोमध एक ते दीड इंचाच्या गोल, उथळ खळग्यांची गर्दी असते. पटाशीची मूठ जेवढ्या जाडीची, तेवढा खळगा. कडा बऱ्यापैकी शाबूत राहतात. कडांवर आडव्या, धारदार खाचा असतील तर कुणीतरी तिने खिळे ठोकले आहेत किंवा पत्रा वाकवला आहे. अशी मोगरी कामाला चालेल, पण तिला सुताराची म्हणून वरचे पैसे देऊ नका.

देशी सुतारी मोगरी बहुधा बाभळीची असते. बाभळीचं सार, म्हणजे आतलं पक्कं लाकूड, गुलाबीसर तांबडं असतं आणि वर्षानुवर्षांनी काळपट तपकिरी होतं. बाहेरचं पांढरट लाकूड मात्र किडीचं आवडतं खाद्य आहे. डोकं साधारण ५ ते ६ इंच लांब, वजन दांड्यासकट ६०० ते ९०० ग्रॅम. त्याहून जड मोगर बैलगाडीच्या चाकाचे आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, बसवण्यासारख्या दांडग्या कामाचा. टेबलावर बसून पटाशी चालवायची असेल तर तो घेऊ नका, तासाभरात मनगट बोलायला लागेल.

याच गटात विलायती मोगरीही सापडते. ती ओळखायला सोपी. लाकूड बीचचं, फिकट, आणि त्यावर तांदळाच्या कणीएवढे बारीक तपकिरी ठिपके-रेघा. डोक्याच्या दोन्ही बाजू काटकोनात नसतात, किंचित आत कललेल्या असतात, कारण हात कोपरातून फिरतो आणि ठोका त्या कोनात सपाट बसावा लागतो. नवख्या माणसाला हा कल ‘झिजलेला’ किंवा ‘वाकडा’ वाटतो आणि तो घासून सरळ करतो. तसं करणं म्हणजे चांगली वस्तू बिघडवणं. नेढं, म्हणजे डोक्यातलं दांड्याचं भोक, तेही बघा. वरून रुंद, खालून अरुंद असं असतं, आणि दांडा कुदळीच्या दांड्यासारखा वरून खाली ओवलेला असतो. त्यामुळे मोगरी फिरवताना डोकं सुटून जाण्याऐवजी दांड्यावर आणखी घट्ट होतं. पाचर लागतच नाही. अशा मोगरीत पाचर ठोकलेली दिसली तर दांडा बदललेला आहे. शेफील्डच्या मार्पल्ससारख्या कारखान्यांचा ठसा डोक्यावर सापडला तर उत्तम. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाची खूण असायची, ती असेल तर लष्करी किंवा सरकारी कामशाळेतून आलेली. ठसा मात्र नखाने चाचपा. जुन्या ठशाच्या कडा मळाने भरलेल्या आणि गोलसर असतात, नवा मारलेला ठसा टोचतो. आमच्या मते वापरासाठी घ्यायची असेल तर जुन्यातली ही सर्वात चांगली खरेदी.

धुण्याची मोगरी, म्हणजे धोपटणं, ही क्रिकेटच्या बॅटची आजी. एकसंध लाकूड, मुठीसकट दीड फुटाच्या आत, वजन अर्धा ते पाऊण किलो. हिच्या तोंडावर खळगे नसतातच. वर्षानुवर्षं पाणी, साबण, सोडा खाऊन लाकडाचा मऊ भाग झिजतो आणि कठीण रेषा वर उठून राहतात. बोट फिरवलं की कॉर्डरॉयच्या कापडासारखं लागतं. रंग राखाडी, कडा गुळगुळीत गोल. एकच बाजू अशी असेल तर खरी, कारण बाई रोज एकाच बाजूने धोपटते. दोन्ही बाजू सारख्याच राखाडी असतील तर ती फळी पावसात पडून राहिलेली असण्याची शक्यता जास्त.

तिच्या जवळची, पण किती तरी दुर्मिळ, ती कुंदीची मोगरी. ‘चांगली कुंदी काढली’ असं आपण अजून म्हणतो, पण कुंदी म्हणजे धुऊन खळ दिलेलं कापड घडी घालून लाकडी ठोकळ्यावर मोगरीने कुटणं हे कमी जणांना ठाऊक असतं. त्याने सुताची वीण दबते, कापडाला गुळगुळीतपणा आणि चमक येते. हे काम करणारे कुंदीगर. या मोगरीचं तोंड काचेसारखं गुळगुळीत असतं आणि कडा मुद्दाम गोल केलेल्या असतात. कड टोकदार राहिली तर कापड कापलं जाईल, म्हणून एकही खाच चालत नाही. वजन धोपटण्याच्या दुप्पट तरी असतं. गुळगुळीत तोंड आणि जड वजन एकत्र आलं, पॉलिशचा वास नाही आणि तोंड नेहमीच्या वापराने किंचित फुगीर झालेलं आहे, तर थांबा आणि घासाघीस थोडी कमी करा. सजावटीच्या दुकानांतून ‘कुंदीची’ म्हणून ज्या दाखवतात, त्यांच्यात बऱ्याच वेळा घासून चकचकीत केलेली सुतारी मोगरी निघते. घासलेल्या तोंडावर सँडपेपरच्या समांतर बारीक रेघा भिंगाखाली दिसतात. वापराच्या चमकेत त्या नसतात.

तांबटाची मोगरी ओळखायची खूण म्हणजे हिरवट मळ. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठाराच्या, म्हणजे भांड्यावर ठोके उठवण्याच्या, कामाला गुळगुळीत पोलादी हातोडी लागते, पण पत्रा वळवायला आणि खड्डा न पाडता सपाट करायला लाकूडच हवं, कारण लोखंडाने पत्रा ताणला जातो आणि लाकडाने तो फक्त वाकतो. तांब्याची बारीक कीस लाकडाच्या रेषांत रुतते आणि दमट हवेत हिरवी पडते. तोंडावर पत्र्याच्या कडेने पडलेल्या कमानदार रेघा असतात. चिंचेचं सार या कामाला फार चांगलं: काळपट जांभळं, घट्ट, सहज न फुटणारं.

कुंभाराचं थापटणं बऱ्याचदा ‘चपाती थापायचं’ म्हणून विकलं जातं, हे त्यातल्या त्यात विनोदी. हलकी फळी, आखूड मूठ, तोंड मधोमध किंचित खोलगट झिजलेलं. कुंभार मडक्याच्या आतून दगडाचा किंवा भाजक्या मातीचा गोळा धरतो आणि बाहेरून थापटत भिंत पातळ करतो, म्हणून फळी मडक्याच्या गोलाईप्रमाणे झिजते. रेषांत माती सापडते, ती दात घासायच्या ब्रशने कोरडीच झाडून पाहा.

चोपणं याच्या उलट: तळ सपाट, फूट-दीड फूट लांब, वजन किलो-दीड किलो, मूठ तळाशी कोन करून वर उठलेली. मातीची जमीन, धाब्याचं छप्पर आणि चुन्याचा कोबा चोपायला. मातीच्या आणि चुन्याच्या कामातलं चोपणं वेगळं ओळखायचं असेल तर भेगेतला पांढरा थर टोकदार काडीने थोडा बशीत काढा आणि त्यावर लिंबू पिळा. फेस आला तर चुना. वस्तूवरच लिंबू पिळू नका, डाग राहतो. कोब्याचं चोपणं म्हणजे वाडा बांधणाऱ्यांच्या कामाचा अवशेष, आणि सहसा त्याला कुणी विचारत नसल्याने किंमतही माफक असते.

मेखसू म्हणजे तंबूच्या मेखा ठोकायची मोगरी. गोल ओंडक्यासारखं डोकं, दीड ते अडीच किलो, लांब दांडा. लाकडाची आडवी कापलेली तोंडं ठोक्याला येतात, म्हणून कडेचे तंतू फुलून कुंचा होतो. तो टाळायला काही मेखसूंना मुसळाच्या टोकाच्या वसवीसारखी लोखंडी कडी चढवलेली असते. कडं ढिलं असेल तर लाकूड सुकून आक्रसलंय. मोगरी दोन-तीन दिवस दमट जागी ठेवून बघावं, कडं ठोकून बसवण्याची घाई करू नये. कणसं किंवा शेंगा झोडपायचं बडवणं लांबुळकं आणि वाकडं असतं, त्याला मोगरी म्हणून घेण्यात अर्थ नाही.

आणि दोन गोष्टी मोगऱ्या नाहीतच. एक म्हणजे करेल, व्यायामाची. तिचं डोकं खालून फुगीर, मूठ बारीक, आणि अंगावर ठोक्याचा एकही खळगा नाही. ती जोडीने असते, एकटी सापडली तर दुसरी हरवली आहे. दुसरी म्हणजे ‘जजसाहेबांचा हातोडा’. भारतीय न्यायालयांत न्यायाधीश हातोडा वापरत नाहीत. तो अमेरिकी रिवाज, आपल्याकडे सिनेमातून पसरला. ‘जुन्या हायकोर्टातला’ म्हणून विकला जाणारा छोटा, लेथवर कातलेला हातोडा फार तर लिलावातला, बहुतेक वेळा अलीकडचा शोभेचा.

आता नकली जुनेपणाबद्दल. आंब्याच्या किंवा तत्सम हलक्या लाकडाची नवी मोगरी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने रंगवली की तासाभरात तपकिरी होते. जळकं इंजिन ऑइल आणि बूटपॉलिश हे आणखी दोन नेहमीचे उपाय. तीन ठिकाणं तपासा. नेढ्याच्या आत टॉर्च मारा: जुन्या लाकडाला तिथेही काळाने मंद तपकिरी रंग आलेला असतो, रंगवलेल्याला आत ताजा फिकट पट्टा दिसतो. दांड्याकडे बघा: हाताच्या घामा-तेलाने दांडा पकडीपाशी जास्त काळा आणि गुळगुळीत होतो, डोक्याजवळ कमी. सगळा दांडा एकसारखा काळा असेल तर तो एका दिवसात काळा झालाय. आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा कोपऱ्यावर घासा: पॉलिश आणि तेल लगेच कापसावर उतरतं. परमँगनेट उतरत नाही, त्याला नेढ्याचीच परीक्षा.

लाकूड ओळखायला घरची पाण्याची बादली पुरते, पण एकसंध वस्तूसाठीच. साग पाण्यात निम्म्याहून अधिक बुडून तरंगतो, बाभूळ बरीचशी बुडून जेमतेम तरंगते, खानदेशातला अंजन थेट तळाला जातो. सागाची मोगरी कितीही देखणी असली तरी कामाला घेऊ नका, साग रेषेने उभा चिरतो. मिनिटभर बुडवून लगेच पुसा आणि सावलीत वाळवा.

चिरांबद्दल विनाकारण घाबरू नये. डोक्याच्या टोकाला गाभ्याकडून निघणाऱ्या बारीक चिरा जवळजवळ प्रत्येक जुन्या मोगरीत असतात. नेढ्यातून आरपार तोंडापर्यंत गेलेली चीर मात्र वस्तू संपल्याची खूण, तिला डिंक भरून विकलेलं असतं. नखाने दाबा, चीर हलली की ठेवून द्या. कीड बघायला मोगरी काळ्या कागदावर चार-पाच दिवस ठेवा. मैद्यासारखी बारीक भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. एक-दोन मिलिमीटरची जुनी भोकं असून भुकटी नसेल तर काळजी नाही. जिवंत कीड असेल तर मोगरी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी, बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवावी. नाहीतर थंड लाकडावर पाणी धरतं. उन्हात तापवायचा उपाय सगळे सुचवतात, त्याने कीड वाचते आणि डोकं चिरतं.

ढिल्या दांड्यावर पाण्यात भिजवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. दांडा फुगून त्या दिवशी घट्ट बसतो खरा, पण फुगताना नेढ्यात त्याचे तंतू चेपतात आणि वाळल्यावर तो आधीपेक्षा ढिला होतो. त्याऐवजी जवसाचं तेल पातळ हाताने दोन-तीनदा, दर वेळी एक दिवस मुरू देऊन. तेलाच्या चिंध्या पसरून वाळवा, गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. फुललेल्या कडा रंध्याने किंवा कानशीने दोन मिलिमीटर तिरक्या कापल्या की पुढे फुटत नाहीत. पण हे कामाच्या मोगरीला. तोंडावरचा मळ, माती, हिरवट कण, चुना ही ओळखीची कागदपत्रं आहेत, संग्रहासाठी घेतलेल्या मोगरीला कोरडा ब्रश आणि ओलसर फडका याच्या पुढे काहीही लावू नका.

किमतीचं आमचं मत सरळ आहे. भोवतालच्या कुठल्याही सुताराकडून बाभळीची नवी मोगरी करून घेता येते, तेव्हा कामासाठी जुनी घ्यायची तर त्या मजुरीपेक्षा जास्त देऊ नये. अपवाद ठशाची विलायती मोगरी, खात्रीची कुंदीची आणि कडी शाबूत असलेला मेखसू. बाजारात सकाळी लवकर जावं, भिंग, टॉर्च, कापूस आणि टर्पेंटाइनची छोटी बाटली बरोबर ठेवावी. विकणारा तोंड तपासू देत नसेल, किंवा तपासण्याआधीच फडक्याने पुसायला लागला, तर पुढच्या पथारीकडे वळावं.