वारुळाची माती की शेजारची?

कोकणातल्या जांभ्या जमिनीवर वारूळ आणि त्याच्या बाजूची माती एकेक मूठ ओली करून बघा. शेजारची खरबरीत, खडे-वाळू वेगळी पडते, गोळा धरत नाही. वारुळाची मात्र चिकट, दोरीसारखी वळते. वाळवी खोल थरातली चिकणमाती कण-कण वर आणते आणि लाळेने लिंपते. त्यामुळे या मातीत ओल आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखी द्रव्यं जास्त टिकतात.

पण ती खत समजून शेतात ओतू नका. आपल्याकडची बुरशी पाळणारी वाळवी पालापाचोळा बुरशीच्या बागेला (वारुळातच खाण्यासाठी वाढवलेल्या बुरशीला) घालते, वारुळाच्या भिंतीत सेंद्रिय अंश फारसा उरत नाही. शिवाय भिंत इतकी घट्ट की पावसाचं पाणी वरून वाहून जातं. पाणी मुरण्यात शेजारचीच माती सरस, आणि तेही वाळवीच्याच कृपेने: अन्नाच्या शोधात तिने खाली पोखरलेली भुयारं!

रेताड, पाणी न धरणाऱ्या जमिनीत मोडक्या, ओसाड वारुळाची माती मिसळायला माझी हरकत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानात चिकणमाती आधीच भरपूर. तिथे ही मेहनत फुकट. त्यापेक्षा शेणखत टाका.