सहा बाटल्यांचं इंजेक्टर रिटर्न टेस्ट किट: ट्रकवर काही महिने वापरल्यानंतर

सेल्फ भरपूर घेते, पण गाडी चालू होत नाही. कॉमन रेल ट्रकच्या (यात सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपमधून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) या तक्रारीसाठी गॅरेजमध्ये हे बिनब्रँडचं किट घेतलं. खुणा असलेल्या सहा पारदर्शक बाटल्या, नळ्या, बॉश, डेन्सो आणि डेल्फी इंजेक्टरच्या रिटर्न निपलला (उरलेलं डिझेल टाकीकडे परत सोडणारं तोंड) बसणारे अडॅप्टर आणि रिटर्न पाइपसाठी काही बंद टोप्या एवढाच ऐवज. कोणता इंजेक्टर किती डिझेल रिटर्नला सोडतोय ते बाटल्यांत शेजारी शेजारी दिसतं, आणि हे काम किट चोख करतं. मात्र बाटल्या लावण्याआधीच निम्म्या गाड्यांचा दोष सापडतो, म्हणून आधी त्याबद्दल.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय पण जळत नाही. मग कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा नोझलचा फवारा तपासायचा. धूरच नसेल तर इंजेक्टर उघडतच नाहीत. अशा वेळी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) तीन गोष्टी बघायच्या: सेल्फवरचा आरपीएम, क्रँक आणि कॅम सेन्सर जुळलेत का, आणि रेल प्रेशर. बहुतेक इंजिनांना इंजेक्टर उघडायला साधारण १५० ते २५० बार लागतात. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो. इंजिन बराच वेळ बंद असताना चावी फिरवली की रेल सेन्सरचा सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट हवा. रेल रिकामी असूनही स्कॅनर ७०-८० बार दाखवत असेल, तर इंजेक्टरला हात लावू नका, आधी सेन्सर आणि वायरिंग बघा. २४ व्होल्टची बॅटरी सेल्फ मारताना १८ च्या खाली जात असेल तर बाकीची तपासणी फुकट आहे.

तक्रार कधी येते हेही ड्रायव्हरला नीट विचारा. रात्रभर उभी गाडी सकाळी त्रास देते आणि एकदा चालू झाली की दिवसभर ठीक चालते, तर लाइन हवा धरतेय. टाकीपासून पंपापर्यंत सक्शन असतं, त्यामुळे तिथली गळती बाहेर थेंबही न टाकता आत हवा ओढते. वॉटर सेपरेटरच्या वाटीची रिंग, हँड प्रायमरची (हाताने डिझेल ओढायच्या पंपाची) सील, बँजोचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर हे नेहमीचे संशयित. पंपाच्या इनलेटला पारदर्शक नळीचा तुकडा लावला की बुडबुडे दिसतात. फिल्टरच्या आधी स्वच्छ डिझेलचा कॅन जोडून गाडी पटकन चालू झाली, तर दोष टाकी ते फिल्टर यांच्यामध्ये आहे.

उलट थंड असताना सुरू होते आणि ढाब्यावर अर्धा तास थांबल्यावर हट्ट करते, तर या किटची गाडी आली म्हणायची. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि इंजेक्टरच्या आतल्या झिजलेल्या बॉल सीटमधून, व्हॉल्व्हच्या फटीतून सरळ रिटर्नला पळतं. सेल्फच्या कमी आरपीएमवर पंप तेवढी भरपाई करू शकत नाही. म्हणून ही टेस्ट गरम इंजिनावरच घ्या. थंड इंजिनावर सगळ्या बाटल्या शहाण्यासारख्या दिसतात.

आधी इंजेक्टरभोवतीची माती हवेने उडवा. रिटर्नच्या प्लॅस्टिक क्लिप जुन्या गाडीत हमखास तुटतात, सुट्या जवळ ठेवा. मोकळा झालेला रिटर्न पाइप टोपीने बंद करा, नाहीतर पंपाचा रिटर्न त्यातून बाहेर उडतो. नळ्या डिझेलने भरून सगळ्या बाटल्या एका पातळीवर टांगा. गाडी चालू होत असेल तर आयडलवर तीन मिनिटं. होत नसेल तर १०-१५ सेकंद सेल्फ, मग मिनिटभर विश्रांती, मग पुन्हा. समजा पाच बाटल्यांत २५-३० मिली जमलं आणि एकीत ८०, तर तो इंजेक्टर काढायचा. सेल्फवर तर चांगला इंजेक्टर जेमतेम थेंब सोडतो, त्यामुळे जी बाटली भरते तीच बोलते. सगळ्याच बाटल्या सारख्याच जास्त भरल्या तर पूर्ण सेट पंपवाल्याकडे. सगळ्या कोरड्या आणि तरी प्रेशर नाही, तर रेलच्या प्रेशर लिमिटर व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) रिटर्न सोडून सेल्फ मारा. तिथून डिझेल यायला नको. आलं तर व्हॉल्व्ह गेला, नाही आलं तर मीटरिंग युनिट (पंपात जाणारं डिझेल मोजून सोडणारा भाग) आणि पंपाकडे वळा.

किट कुठे अडतं? टाटाच्या गाड्यांतल्या कमिन्स आयएसबीई इंजिनावर. तिथे इंजेक्टरचा रिटर्न हेडच्या आतल्या एकाच वाटेने जातो, वेगळे निपल नाहीत. हेडमधून येणारा एकूण रिटर्न मोजायचा आणि रेलची एकेक लाइन बंद टोपीने अडवून कोणत्या सिलिंडरची लाइन बंद केल्यावर रिटर्न कमी होतो ते बघायचं. या इंजिनात कनेक्टर ट्यूब (लाइनमधलं डिझेल इंजेक्टरमध्ये नेणारी नळी) आणि इंजेक्टर यांचं तोंड नीट बसलं नाही तरी रिटर्न वाढतो आणि चांगला इंजेक्टर बदनाम होतो, त्यामुळे मॅन्युअलमधला कसण्याचा क्रम आणि टॉर्क पाळाच. पिएझो इंजेक्टरवरही (कॉइलऐवजी पिएझो क्रिस्टलने उघडणारे) उघड्या बाटल्या नकोत, कारण त्यातल्या बऱ्याच इंजेक्टरच्या रिटर्नला १० बारच्या आसपास दाब लागतो. जुन्या इनलाइन पंपाच्या (रेल नसलेल्या, प्रत्येक सिलिंडरला पंपातून वेगळा पाइप असलेल्या) गाड्यांवर किटचा उपयोगच नाही. त्या गाड्यांत पाइपचा नट सैल करून मिसिंग शोधायची सवय मात्र कॉमन रेलवर आणू नका. इतक्या दाबाची धार कातडीत शिरते, आणि ती जखम दिसते छोटी पण ऑपरेशनची असते.

बाटली कमी भरली म्हणजे इंजेक्टर चांगला, असंही नाही. टपकणारं नोझल किंवा बिघडलेला फवारा इथे दिसत नाही. काळा धूर आणि ठोका असेल तर टेस्ट बेंचचा रिपोर्टच हवा. इंजेक्टर परत बसवताना तांब्याचा वॉशर नवीन घ्या आणि जुना बोअरमध्ये चिकटून राहिला नाही ना ते टॉर्चने बघा. दोन वॉशर बसले तर नोझलची उंची बदलते. बदललेल्या इंजेक्टरचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरायचा असेल तर तोही भरा.

किटच्या दर्जाबद्दल सांगायचं तर नळ्या पिवळ्या पडून कडक झाल्या, बाटल्यांवरच्या खुणा डिझेलने पुसल्या गेल्या (ब्लेडने कोरून घेतल्या), आणि डेल्फी अडॅप्टरच्या ओ-रिंग फुगून बसेनाशा झाल्या. त्या व्हिटॉनच्या (डिझेलला टिकणाऱ्या रबराच्या) घातल्यावर तक्रार नाही. रेलच्या बंद टोप्या किटसोबत येत नाहीत. एम१२, एम१४ आणि एम१६, तिन्ही १.५ पिचच्या, चांगल्या स्टीलच्या वेगळ्या घ्या. जवळ स्कॅनर नसेल तर मात्र आधी पैसे त्यावर घाला, किट नंतर घ्या.