मासे मोजायचं ओढजाळं: घ्या, पण खालची दोरी बदलून

नदीची तब्येत माशांवरून तपासणाऱ्या स्वयंसेवी गटाने पहिली खरेदी कोणती करावी? आमच्या मते दोघांनी धरायचं छोटं ओढजाळं. १० फूट लांब, ४ फूट उंच, ६ मिमी आस (जाळीच्या भोकाची एक बाजू), बिनगाठीचं नायलॉन, वरच्या दोरीला फोमचे तरंगे, खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या. जाळ्यांच्या दुकानात तयार मिळतं, किंवा मत्स्यबीज केंद्रात हापे, म्हणजे पिल्लं ठेवायच्या जाळीच्या पेट्या, शिवायला वापरतात ते कापड घेऊन शिवून घेता येतं. मुळा, मुठा, पवनेच्या गुडघाभर ते मांडीभर पाण्यात चांगलं चालतं. पाचपैकी चार गुण. एक गुण खालच्या दोरीपायी गेला.

तयार जाळ्याला गोळ्या बहुधा फूटभर अंतरावर असतात. तळ्याच्या सपाट तळाला तेवढ्या पुरतात. दगडगोट्यांच्या उथळ धारेत मात्र दोन गोळ्यांमधली दोरी दगडावर उचलली जाते आणि तळाला चिकटून राहणारे मळ्या नि मुऱ्या नेमके तिथून सटकतात. नोंदवहीत 'तळातले मासे शून्य' असं चढतं आणि दोष नदीच्या माथी बसतो. मधे मधे गोळ्या ओवून अंतर सहा इंचांवर आणा. जाळं जड होईल, होऊ द्या.

आस विचारताना जपून. काही दुकानदार गाठ ते गाठ मोजतात, काही जाळं ताणून. ताणून १२ मिमी म्हणजे आपलं ६ मिमी. याहून मोठी आस घेतली तर पिल्लं निसटतात आणि मधल्या मापाचे मासे कल्ल्यांत अडकून मरतात. ६ मिमीतूनही गप्पीचे नर निसटतातच. त्यांच्यासाठी काठाच्या गवतात बारीक जाळीची हातजाळी वेगळी फिरवा. गाठीचं जाळं स्वस्त पडतं, पण गाठी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात आणि सोडलेला मासा पुढे बुरशीने जातो. मोजून सोडायचे असतील तर ती बचत नको.

दोन्ही टोकांना पाच फुटी बांबू बांधा. डोहात प्रवाहाच्या दिशेने, पाण्यापेक्षा जरा वेगाने ओढा. जाळं पूर्ण ताणू नका, मधे पोट राहू द्या. बांबू मागे कलते, म्हणजे खालची दोरी वरच्या दोरीच्या पुढे चालते. काठाशी येताच खालची दोरी आधी उचला. उथळ धारेत उलटं: दोघांनी खालच्या अंगाला जाळं रोवून उभं राहायचं, तिसऱ्याने वरून दगड पायाने हलवत जाळ्यापर्यंत यायचं. प्रत्येक ठिकाणी दर वेळी तेवढीच लांबी, तेवढ्याच ओढी. हे पाळलं नाही तर पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

मासे २० लिटरच्या बादलीत, अर्ध्या पाण्यात, सावलीत ठेवा. मत्स्यालयाच्या दुकानातला बॅटरीचा हवापंप हवाच. बादलीतलं पाणी तापलं की प्राणवायू उतरतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. हात आधी ओले करा. जात, लांबी, आणि अंगावर जखम, झिजलेला पर, गाठ किंवा वाकडा कणा असल्यास तेही लिहा. सोडायचं शेवटची ओढ झाल्यावर, नाहीतर तोच मासा दोनदा मोजला जातो. अपवाद आफ्रिकन मांगूरचा: त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, तो पाण्यात परत जाता कामा नये.

माशांवरून नदीच्या तब्येतीला गुण देण्याची पद्धत अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जेम्स कार यांनी १९८१मध्ये मांडली: १२ निकष, प्रत्येकाला ५, ३ किंवा १, एकूण १२ ते ६०. ती अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या ओढ्यांवर बेतलेली. तिथले डार्टर (तळाशी राहणारे छोटे मासे) आणि सनफिश आपल्याकडे नाहीत, म्हणून तक्ता जसाच्या तसा उतरवणं हा शुद्ध आळस. डार्टरच्या जागी मळ्या-मुऱ्या, आणि घाण सोसून वाढणाऱ्यांच्या रकान्यात चिलापी धरता येते. पण 'चांगलं' म्हणजे किती, हे त्याच खोऱ्यातल्या वरच्या, कमी बिघडलेल्या पट्ट्यावर आधी मोजून ठरवावं लागतं.

या जाळ्याकडून भलती अपेक्षा नको. खोल डोहातले मोठे शिवडे, कपारीतली वाम, चिखलात दडलेली मरळ त्यात क्वचित येते. जलपर्णी आणि प्लास्टिकने भरलेल्या पट्ट्यात जाळं दोन ओढींतच फाटतं. तिथे स्थानिक मच्छीमाराचं फेकजाळं बरं, आणि फेकणाराही तोच असावा. धरणाखाली काम असेल तर विसर्गाची चौकशी निघण्याआधी करा. सांडपाण्याच्या नदीत पायाला जखम घेऊन उतरू नका, लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे आहे तिला आणि मत्स्यव्यवसाय विभागाला आधी सांगा.

एका नदीतून दुसरीत जाण्याआधी जाळं धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर अंडी आणि परजीवी सोबत जातात. वाळवायचं सावलीत, कारण उन्हात नायलॉन कच्चं पडतं. आधी विरतो तो खालच्या दोरीजवळचा पट्टा, म्हणून शिवून घेतानाच तिथे कापड दुहेरी लावायला सांगा.