बदलापूरचं भाड्याचं घर : एक पावसाळा काढून झाल्यावर

भांडुपला एक आरकेसाठी मालक 16,000 मागायला लागला तेव्हा आम्ही कल्याणच्या पुढे शोधायला सुरुवात केली. आता बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये वन बीएचके आहे. भाडं 8,500, डिपॉझिट 40,000, मेंटेनन्स मालक भरतो. पहिल्या महिन्यात कुठलंही घर आवडतं, म्हणून पावसाळा उलटायची वाट बघितली आणि मग लिहायला बसले.

भाड्यात वाचलेले पैसे खरोखर वाचतात, पण गाडी जमली तरच. बदलापूर सीएसएमटीपासून 68 किलोमीटरवर. माझं ऑफिस घाटकोपरला, म्हणजे गाडीतच सव्वा तास. मागून येणाऱ्या कर्जत आणि खोपोली लोकल आधीच भरलेल्या असतात, त्यामुळे सगळ्यांचा डोळा बदलापूरहून सुटणाऱ्या गाड्यांवर. इथून सुटते म्हणजे रिकामी मिळेल असं मात्र समजू नका. अंबरनाथच्या बायका उलट्या दिशेने येऊन, 'रिटर्न' बसून जागा धरतात. त्यावरून लेडीज डब्यात रोज सकाळी खणाखणी. मी आता सुटण्याच्या वीस मिनिटं आधी फलाटावर असते, बहुतेक वेळा चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकण्यापुरती जागा, तरी मिळते. संध्याकाळी मात्र घाटकोपरला चढणं म्हणजे कुस्ती, आणि बसलेल्या बायकांना जागेसाठी विचारलेल्या 'कुठे उतरणार?' ला ठाणे असं उत्तर देणारी सापडली तर नशीब. तुमची कामाची वेळ लवचीक नसेल किंवा घरी लहान मूल वाट बघत असेल, तर अंबरनाथच्या पुढे येऊ नका असंच मी सांगेन. सेकंड क्लासचा पास काही शेकड्यांत येतो, ते सोडा. अंगातली ताकद किती जाते ते बघा.

घर शोधताना एका ॲपवर 'ओनर' म्हणून टाकलेल्या नंबरांवर फोन केले, बहुतेक ठिकाणी उचलला ब्रोकरनेच. फोटो तर घर नवं असतानाचे. शेवटी स्टेशनबाहेरच्या एजंटकडूनच काम झालं, दलाली एक महिन्याचं भाडं. 'मॅडम, स्टेशनपासून दहा मिनिटं.' पायी की रिक्षाने, हे विचारल्यावर जरा घुटमळला. रिक्षानेच निघाली. शेअर रिक्षाचे दोन वेळचे पैसे तेव्हाच भाड्यात धरले, आणि सकाळी आठला स्वतः चालून पाहिलं. दुपारी घर दाखवतात तेव्हा रस्ता मोकळाच असतो! आडनाव, जेवण काय, मूल कधी, हे सगळे प्रश्न इथेही झाले, मुंबईपेक्षा थोडे कमी इतकंच.

ॲग्रीमेंटबद्दल जरा सविस्तर, कारण यात बऱ्याच जणांचे पैसे जातात. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर भाड्याने देण्याचा करार, महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृतच लागतं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केलेली नसेल तर वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. आमचा मालक 'नोटरी करून टाकू' म्हणत होता. हे कलम ऐकवल्यावर तयार झाला. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ती रक्कम मिळवायची. आमची अडीचशेच्या आत बसली. नोंदणी फी हजारापलीकडे नाही. एजंटने मात्र सगळे मिळून 4,000 सांगितले होते. कागदावर हिशोब मांडून दाखवल्यावर 2,500 वर आला, ते आम्ही आणि मालकाने निम्मे-निम्मे भरले. माणूस घरी येऊन आधार आणि अंगठा घेऊन गेला, अर्ध्या तासात काम.

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, म्हणून भाडं थोडं कमी. एप्रिल-मेमध्ये स्लॅब इतका तापतो की रात्री अकराला पंख्याचा वारासुद्धा गरम. पावसात बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आली, कपाटामागे बुरशी धरली आणि माझ्या दोन सिल्कच्या साड्यांना वास लागला तो अजून गेलेला नाही. मालक 'पुढच्या मे महिन्यात वॉटरप्रूफिंग करतो' म्हणाला. बघू. पाणी सकाळ-संध्याकाळ तासभर, तक्रार नाही.

पश्चिमेला हेंद्रेपाड्याच्या बाजूला दोन घरं याहून स्वस्त मिळत होती. उल्हास नदी जवळ आहे म्हणून नको म्हटलं. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली ती इथूनच पुढे, वांगणीच्या अलीकडे. पश्चिमेला घर बघणार असाल तर तळमजल्यावरच्या शेजाऱ्याला पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते विचारा. एजंट सांगणार नाही, शेजारी भिंतीवर हात लावून दाखवतो.

ॲग्रीमेंट संपत आलंय. मालक 800 वाढवून मागतोय, आम्ही 400 वर अडलोय, वॉटरप्रूफिंग आधी केलं तर 600. तोवर शिरगावात दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट बघून ठेवलाय. भाडं 9,000 आहे, पण तिथून स्टेशनला चालत जाता येतं.