विद्यापीठाचा शालेय आरोग्य-करिअर उपक्रम: सीपीआर उत्तम, बाकी घाईत

पुतळ्यावर सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) शिकवतात तो भाग सगळ्यात सरस. मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर. मुलं वेग पटकन पकडतात, पण दोन दाबांमध्ये छाती पूर्ण वर येऊ देत नाहीत. मग हृदयात रक्त भरायला वावच राहत नाही. प्रशिक्षक तिथल्या तिथे टोकतात, हे विशेष.

रक्तदाब मोजणं मात्र उरकून टाकलेलं. आधी 5 मिनिटं शांत बसवायचं राहून जातं, आणि पट्टा दंडाला लहान पडला की आकडा जास्त येतो, हे कुणी सांगत नाही.

फिजिओथेरपी, रेडिओग्राफी (एक्स-रे वगैरे काढणं) यांना जेमतेम एक तास! वॉर्डभेटीसाठी लसीकरणाची नोंद आणि पालकांचं संमतीपत्र आधीच द्या, नाहीतर मूल बाहेरच बसतं.