चिपरच्या पात्यांना धार: सहाण, ग्राइंडर की कारखाना?

बागेतल्या चिपरमधून, म्हणजे फांद्यांचे तुकडे करणाऱ्या यंत्रातून, स्वच्छ ढलप्यांऐवजी भुसा आणि सालीच्या चिंध्या पडू लागल्या, यंत्र फांदी आपणहून आत ओढेनासे झाले, की पाती बोथट झाली असे समजावे. पाते दोन्ही बाजूंनी धारेचे असेल तर आधी ते उलटून बसवावे. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम भागते. दोन्ही धारा गेल्या असतील तर मात्र निवड करावी लागते, आणि ती खर्चापेक्षा पात्याची अवस्था पाहून केलेली बरी.

धार नुसती झिजली असेल, तिला खाचे पडले नसतील, तर सहाण किंवा डायमंड प्लेट पुरते. चिपरची पाती कडक पाणी दिलेल्या पोलादाची असल्यामुळे कडबाकुट्टीच्या पात्यावर चालणारी साधी कानस येथे बहुधा नुसती घसरते. धारेचा मूळ उतार, जो साधारणपणे 30 ते 45 अंशांचा असतो, त्यावर मार्करची शाई लावून दोन-चार हात फिरवले, की शाई कोठे पुसली यावरून कोन जुळला की नाही ते कळते. मागची सपाट बाजू घासायची नाही, फक्त तिच्यावर आलेली बर (घासल्याने वळलेली धातूची बारीक कड) काढायची. या पद्धतीत वेळ जातो आणि हात भरून येतात. पण पाते तापत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

बेंच ग्राइंडर हा घरोघरी सुचणारा उपाय आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त पाती त्यानेच बिघडतात. मिनिटाला सुमारे 2,800 फेरे घेणाऱ्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. साध्या कार्बन पोलादावर 300 अंश सेल्सिअसच्या आसपास निळी झाक आली, की तेथले पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले म्हणायचे, आणि अशी धार थोड्याच फांद्यांत पुन्हा बोथट होते. अँगल ग्राइंडर तर मिनिटाला 11,000 फेऱ्यांपर्यंत जातो आणि त्यावर हाताने कोन राखणे आणखी अवघड. तरीही ग्राइंडरच वापरायचा असेल, तर कोन धरून ठेवणारी चौकट, डोळ्यांना चष्मा आणि पाते हाताला चटका बसण्याआधी गार करण्याचा संयम, या तिन्ही गोष्टी हव्यात.

खिळा किंवा दगड लागून खाचा पडला असेल तर घरचे उपाय सोडावेत, कारण 1 मिलिमीटरचा खाचा घालवायला अख्खी धार तेवढी मागे न्यावी लागते आणि जोडीच्या पात्यांवरही तेवढेच घासावे लागते. भोसरी, सातपूर, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत टूल ग्राइंडिंगची कामे होतात. तेथील सरफेस ग्राइंडरवर शीतक द्रव सोडत पाते सरळ रेषेत घासले जाते. पाती एकेक न देता पूर्ण संच द्यावा. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे विळी-कात्री द्यावी, चिपरचे पाते नाही. खाचा फार खोल असेल किंवा पात्याला तडा दिसत असेल, तर नवे पातेच घ्यावे.

पाती उतरवण्याआधी स्पार्क प्लगची टोपी किंवा विजेची पिन काढावी आणि रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता भाग, लाकडी ठोकळ्याने अडवावा. धार झाल्यावर जोडीची पाती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून पाहावीत, कारण वजनात फरक राहिला तर बेअरिंगला त्याची झळ बसते. घासल्यामुळे फिरते पाते अरुंद होते आणि त्याचे स्थिर पात्यापासूनचे अंतर वाढते, म्हणून फिलर गेजने (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ते माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापावर आणावे, बोल्ट सांगितलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळावेत आणि झाकण लावण्याआधी रोटर एकदा हाताने पूर्ण फिरवून काही घासत नाही ना, ते पाहावे.